मयताचे नाव

चिंचखेडच्या पंचफुलाबाईला ‘नाही’ म्हणायची छाती गावात दोघांचीच होती. एक तिचा म्हातारा बैल, आणि दुसरी ती स्वतः. बाकी लेक, सुना, सोयरे, शाळेतला मास्तर, सगळे आधी हो म्हणत आणि मग घरी जाऊन कुरकुरत. पन्नाशीला टेकलेली बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, पाच एकर वावर तिनं एकटीनं राखलेलं. आमच्या सासूबाई जिभेला रोज सकाळी धार लावतात, असं थोरली सून वच्छला म्हणायची. अर्थात विहिरीवर. घरात म्हणायला तिला काय वेड लागलं होतं?

तर अशा बाईला एक गोष्ट माहीत नव्हती. आपल्या आईचं नाव काय, हे तिला माहीत नव्हतं.

ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही, म्हणून ती कोणाला सांगतही नसे. पण त्यात खोटं काही नव्हतं. तिची माय गेली एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापात. पंचफुला तेव्हा पाच वर्षांची. त्या तापानं घरंच्या घरं पुसली. आजी, काकू, मायच्या माहेरची, पातूरकडची माणसं, जिच्या तोंडी ते नाव असेल अशी एकूण एक बाई त्या दोन महिन्यांत मातीत गेली. उरला बाप, बुधाजी. आणि बाप काही बायकोचं नाव घेत नसतो. वर्षाच्या आत दुसरी बायको आली, तानुबाई. तिच्यासमोर पहिलीची गोष्ट काढायची तर चुलीतलं लाकूड अंगावर यायचं.

मायनं आपल्याला मारलेली हाक पंचफुलाच्या कानात होती. ‘पंचे!’ अशी, शेवटी जरा वर चढलेली. पण मायला कोणी हाक मारल्याचं आठवत नव्हतं. जात्यावर बसल्या की बायका ओवीत मायचं नाव गुंफतात. पंचफुलाची ओवी त्या जागी आली की ती जातं जोरात फिरवायची, म्हणजे घरघरीत तेवढी जागा निघून जायची. सुनांना वाटे, सासूबाईंच्या अंगात किती जोर आहे.

लहानपणी ती बापाला विचारायची, “बा, मायचं नाव काय होतं?”

बुधाजी म्हणायचा, “बुकात हाये, बाई. सरकारी बुकात लिवून ठेवलं हाये. तेथून कोठी जात नाई.”

हे तो नुसतं पोरीची समजूत काढायला म्हणत नव्हता. बुधाजी गावचा कोतवाल होता. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी ठाण्यावर जाऊन सांगायचं काम त्याचं. ठाण्याचा मुन्शी वर ओट्यावर बसे, बुधाजी खाली अंगणात उभा राहून सांगे, मुन्शी बुकात लिही. पंचफुलाची मायसुद्धा अशीच बुकात गेली होती. तो मरायला टेकला तेव्हा पंचफुलानं पुन्हा एकदा विचारलं, आणि जड जिभेनं तो तेच बोलला. “बुकात पाय.”

लोकांचं सोनं जमिनीत पुरलेलं असतं, तसं पंचफुलाचं हे एक बुकात पुरलेलं. ते काढायला ती कधी गेली नाही असं नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगून पाहिलं, तो हसला. तिशीत एकदा ती एकटीच ठाण्यावर गेली. तेव्हा महारवाड्यातल्या माणसाला ओट्याची पायरीही चढू देत नसत; खालूनच उत्तर मिळालं, जुनी बुकं अकोल्याला गेली. मग लेकरं, वावर, निंदणं, वेचणी. बुक काही पळून जात नाही, असं म्हणत तिनं वीस वर्षं घालवली. छप्पन्न साली दीक्षा झाली, घरातले जुने देव नदीत गेले, आणि गावात संध्याकाळचा वर्ग निघाला. त्या वर्गात ती आपलं नाव लिहायला शिकली. पं, च, फु, ला. चार अक्षरं. पाचवं शिकवायच्या आत तिचं आणि मास्तरचं वाजलं.

बासष्ट सालच्या दसऱ्याला तिचा मधला लेक सहदेव घरी आला. तो अकोल्याच्या कचेरीत शिपाई होता. जेवता जेवता म्हणाला, “हात भरून आले बाप्पा. तीन दिस झाले, जुन्या बुकाचे बस्ते वाहून राह्यलो. ज्याले वाळवी लागली, जे कोणी मांगत नाई, थे दिवाईच्या आंधी जाळाचं म्हनते.”

पंचफुलाबाईचा भाकरी थापता हात थांबला. “कोन्ते बुकं?”

“जुने, ठान्याठान्याहून आलेले. जनम-मरनाचे.”

भाकरी तव्यावर जळाली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव निघाला तेव्हा माय लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून दारात उभी होती.

“तू कोठी?”

“तुह्या कचेरीत. माह्या मायले जाळाच्या आंधी पाहून तं घेऊ दे.”

कचेरीच्या आवारात निंबाखाली खुशालराव अर्जनवीस लोकांचे अर्ज लिहीत बसायचा. कानावर टाक, पुढ्यात उतरती पेटी, आणि चेहरा असा की जगातली सगळी भांडणं याच्या हातून गेली असावीत.

“अर्जदाराचं नाव?”

“पंचफुलाबाई.”

“भ्रतार?”

पंचफुलाबाईनं मान वळवली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तो जिवंत असताना घेतलं नाही, मेल्यावर कशाला? सहदेवनं बापाचं नाव सांगितलं. ‘पंचफुलाबाई भ्र. मोतीराम तायडे, रा. चिंचखेड, तालुका बाळापूर,’ खुशालरावनं झोकात लिहिलं.

“नक्कल कायची पायजे?”

“माह्या मायच्या मरनाची.”

“साल?”

“मानमोडीचं.”

“म्हंजे अठरा. तारीख?”

“कापूस येचाचे दिस होते.”

“बरं. मयताचं नाव?”

“थेच तं पाहाले आली.”

खुशालरावनं टाक परत कानावर ठेवला. “बाई, नाव लिवल्याबिगर नक्कल भेटत नाई.”

“अन् नक्कल भेटल्याबिगर मले नाव भेटत नाई.”

“मंग कसं करता?”

“मले काय इचारता? शिकेल तुमी हा. मी शिकेल असती तं तुमच्या पेटीपुढं बसली असती काय? तुमी माह्या पेटीपुढं बसले असते.”

खुशालराव हसला. तो रकाना त्यानं कोरा ठेवला, अर्जाला तिकीट लावलं आणि कागद तिच्या हाती दिला. “जा, पाहा किसनरावले पाझर फुटला तं. पन सांगून ठेवतो, थो खडक हाये.”

किसनराव म्हणजे रेकॉर्डवाले. तीस वर्षं त्याच खोलीत. वाळलेला देह, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेले बस्ते त्यांना वासावरून ओळखू येत. माणसं मात्र नाव सांगितल्यावरही ओळखू येत नसत. त्यांनी अर्ज वरून खाली वाचला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

“हे कोरं हाये.”

“हाये. भरून द्या.”

“मी भरू?”

“बुक तुमच्यापाशी हाये, माह्यापाशी नाई.”

“हे पाय बाई, नावावरून नोंद पाहाची असते. नोंदीवरून नाव पाहाची रीत नाई. अन् बाहेरच्या मानसाले बुक दाखवता येत नाई. उद्या कोनीबी येईन अन् म्हनन, दाखवा. हे काय बाजारातले वांगे हाये, उलटून-पालटून पाहाले?”

“वांगे बरे, साहेब. किडले तं मानूस निदान ढोराले टाकते. तुमी तं जाळून राह्यले म्हने.”

किसनरावनी चष्म्यावरून सहदेवकडे पाहिलं. सहदेवला भिंतीत शिरावंसं वाटलं. बाहेर येताच तो म्हणाला, “माय, तू माही नोकरी घालवशीन.”

“तू माह्या पोटातून आला, मंग नोकरी आली. जाईन तं जाईन, तू तं राह्यशीन न?”

ती परत गेली नाही. सहदेवच्या एका खोलीत मुक्काम ठोकला आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी रेकॉर्डच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली. आतून शिपाई बस्ते डोक्यावर घेऊन निघत आणि आवारात दोन ढीग लावत. एक ठेवायचा, एक जाळायचा. दर बस्त्याला ती विचारायची, “हे कोठचं?”

“मूर्तिजापूर.”

“जाऊ द्या.”

“हे?”

“अकोट.”

“जाऊ द्या.”

जणू तिच्याच परवानगीनं चाललं होतं. शिपायांना गंमत वाटली, ते तिच्यापुढं थांबून गावाचं नाव सांगूनच पुढं जाऊ लागले. आतून किसनराव ओरडले, “अरे, साहेब कोन हाये इथी?” पंचफुलाबाई हसली नाही. ती जाळायच्या ढिगाकडे पाहत होती. त्या ढिगात कोणाकोणाच्या माया होत्या, आणि त्यांना विचारत इथं कोणी आलं नव्हतं.

दुपारी ती भाकरी सोडून बसली, तेव्हा तिच्या मनात आलं, माय पंचविशीत गेली. म्हणजे आता आपल्या धाकट्या सुनेपेक्षाही ती लहान. दारात येऊन उभी राहिली तर आपण तिला ‘पोरी’ म्हणू. आणि पुढं? पोरी कोण? हाक मारायलाही काही नाही. तिनं भाकरी परत बांधून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरचा बस्ता निघाला. तो सहदेवच्याच डोक्यावर होता. खारवा फाटलेला, एका कडेनं वाळवीनं खाऊन जाळी केलेली. मायसमोर येऊन तो थांबला, पण गावाचं नाव त्याच्या तोंडून निघेना.

पंचफुलाबाई उठली. “बाळापूर?”

सहदेवनं मान हलवली.

“कोन्त्या ढिगात?”

“वाळवी लागली हाये,” किसनराव आतून म्हणाले. “पाहू.”

“थांबा!” पंचफुलाबाई उंबऱ्याच्या आत गेली. तिला कोणी अडवलं नाही. तिचा चेहराच तसा झाला होता. “साहेब, बाहेरच्या मानसानं बुक पाहू नाई, कबूल. पन तुमी तं आतले हा न? तुमी उघडा, तुमी पाहा. त्यात काय लिवलं हाये थे मी इथून सांगतो. एकबी चुकली तं चूप घरी जातो. मंग जाळा.”

“तुले वाचता येते?”

“माह्या नावाशिवाय काई नाई येत.”

“मंग सांगशीन कशी?”

“हे बुक ज्याच्या तोंडून लिवलं गेलं, थो माहा बाप होता. अन् त्या महिन्यात त्याचं तोंड मी होती.”

ते खरं होतं. एरवी आठवड्याला एखादं मरण, बुधाजी ते बोटाच्या पेरावर ठेवी. पण मानमोडी आली आणि एकेका आठवड्यात वीस-वीस माणसं जाऊ लागली. बुधाजीलाही ताप चढून उतरलेला. डोकं भणभणे, काही लक्षात राहीना. घरात धड डोकं एकच उरलं होतं, पाच वर्षांच्या पोरीचं. तो तिला हाताला धरून गावातून फिरवी. पाटलाच्या दारापासून सुरुवात, गावाबाहेरच्या आपल्या वस्तीत शेवट. दर दाराशी थांबून मेलेलं माणूस सांगे, ती ते पाठ म्हणे, मग पुढचं दार. बाजाराच्या दिवशी बाळापूरच्या वाटेनं तीच यादी चालायची. ठाण्याच्या अंगणात पोरगी खणखणीत आवाजात म्हणे आणि ओट्यावर मुन्शीचा टाक चाले.

एक बाजार मात्र वेगळा गेला. यादी आपल्या घरापर्यंत आली आणि बापानं तिच्या तोंडावर हात ठेवला. “हे मी सांगतो. तू जाय तिकडं, इहिरीपाशी.” ती गेली. तिथून तिनं पाहिलं. बाप काहीतरी बोलला. मुन्शीनं मान वर करून काहीतरी विचारलं. बाप खाली मातीकडे पाहत राहिला. मुन्शीनं परत विचारलं. बाप परत काहीतरी बोलला. आणि टाक हलला. तो हललेला टाक तिनं डोळ्यानं पाहिला होता. त्यावर ती चव्वेचाळीस वर्षं जगली.

किसनरावनी बस्ता टेबलावर घ्यायला सांगितलं. खारवा सोडला, एक बुक काढलं, पानं एकाला एक चिकटली होती ती पट्टीनं सोडवली. अठरा साल, कार्तिक उतरतीचे दिवस. “चिंचखेड,” ते म्हणाले, “हं. सांग.”

पंचफुलाबाईनं डोळे मिटले. तोंडातून आवाज निघाला तो तिचा नेहमीचा नव्हता. बारीक, उंच, एका सुरात.

“पाटलाची लहानी सून, ताप. पाटलाचा सालदार गनपत, ताप. तेल्याची बुढी, ताप. तेल्याचा नातू, अंगावर पेता, ताप. लोहाराचे दोन...”

“थांब.” किसनरावचं बोट ओळींवरून तिच्याबरोबर उतरत होतं, ते थबकलं. “लोहाराचा एकच हाये.”

“दोन.”

“तुकाराम. एकच.”

“तुकाराम सकाई गेला, त्याचा भाऊ विठू संध्याकाई. दोन.”

“बाई, बुकात एक हाये म्हनतो न मी!”

“पान उलटवा.”

किसनरावनी पान उलटलं. वरच्याच ओळीत विठू लोहार होता. दाराशी जमलेल्या शिपायांत कोणीतरी हसलं. किसनरावनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत चढवला.

“सांगा, पंचफुलाबाई,” ते म्हणाले. बुकही त्यांनी टेबलावर जरासं तिच्या बाजूला सरकवलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

“कुंभाराची बायको, बाळतीन. माळ्याचा शंकर, ताप. सोनाराची लेक, माहेराले आलेली, ताप. मंग आमची वस्ती. म्हादूचा बाप सोनाजी, ताप. सोनाजीची बुढी, ताप. रामाची बायको अन् तिच्या पोटातलं.”

ती थांबली.

“मंग?”

“मंग आमचं घर.” तिनं डोळे उघडले. “थे मले नाई माईत. थे माह्या बापानं सांगितलं होतं. थे आता तुमी सांगा.”

खोलीत पंख्यासारखा हलणारा एक कागद होता, तोही कोणीतरी हातानं दाबला. किसनरावचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. पंचफुलाबाई टेबलावर वाकली. सगळं पान तिला काळ्या मुंग्यांची रांग. पण त्या ओळीत चार मुंग्या ओळखीच्या निघाल्या. पं. च. फु. ला.

“हे तं माहं नाव हाये!” तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. “बापानं मलेच मेलेली लिवली का वो?”

“नाई, बाई.” किसनरावनी वाचलं. “मयताचे नाव, पंचफुलाची माय.” पुढचा जातीचा रकाना त्यांनी न वाचता ओलांडला. “बाई माणूस. वय अंदाजे पंचवीस. ताप. खबर देणार, बुधाजी कोतवाल.”

“अन् नाव?”

“हेच हाये.”

“ही तं मी झाली. तिचं नाव?”

“इतकंच लिवलं हाये, पंचफुलाबाई.”

तिनं त्यांना सगळं पान परत वाचायला लावलं, वरून खाली. किसनरावनी मुकाट्यानं वाचलं. पाटलाची लहान सून. तेल्याची म्हातारी. कुंभाराची बायको. सोनाराची मुलगी. आणि ऐकता ऐकता पंचफुलाबाईच्या ध्यानात आलं. गनपतला नाव होतं, शंकरला होतं, सोनाजीला होतं. एका रोजात गेलेल्या दोघा लोहारांना दोन नावं होती. बाईला एकीलाही नव्हतं. आणि हे कोणी मुन्शीनं मनानं लिहिलं नव्हतं. तिनंच सांगितलं होतं, अंगणात उभं राहून, खणखणीत. वर्षानुवर्षं ती यादी तिनं मनात घोळवली होती, आपण किती लक्षात ठेवलं याचा तोरा मिरवला होता, आणि यात बायकांची नावं नाहीत हे तिला आजवर दिसलं नव्हतं.

मुन्शीनं दुसऱ्यांदा काय विचारलं असेल, तेही आता कळलं. ‘अरे, नाव सांग, नाव.’ आणि बाप मातीकडे पाहत राहिला.

“बा,” ती कोणाकडे न पाहता म्हणाली, “एकडाव घेतलं असतं तं जीभ झडली असती काय रे तुही?”

पुढं अजून बरंच तिच्या जिभेवर होतं. पण परवा निंबाखाली आपण मान कशी वळवली ते तिला आठवलं, आणि ते बरंच तिनं गिळलं. सहदेवनं आईला बोलणं गिळताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तिनं किसनरावकडे वळून विचारलं, “पातूरचं बुक हाये का? तिचा जनम तिकडचा.”

“हाये. पन जनमाच्या बुकात लेकराचं नाव नसते, बाई. बारशाच्या आंधीच खबर येते. बापाचं नाव अन् पुढं ‘मुलगी’. तुमच्या आज्याचं नाव सांगा, निदान ओळ तरी काढून देतो.”

आज्याचं नाव तिला कुठलं माहीत असायला? तिनं नुसतं डोकं हलवलं. मग ज्या बाईनं कोणाला कधी सल्ला विचारला नव्हता ती म्हणाली, “आता कोठी जाऊ मी?”

तीस वर्षांत किसनरावनी हजारो लोकांना हव्या त्या नोंदी काढून दिल्या होत्या किंवा नाही म्हणून परत पाठवलं होतं. नोंद सापडली आणि तरी माणूस हात हलवत उभं राहिलं, असं त्यांच्यासमोर झालं नव्हतं. त्यांनी तिचा अर्ज समोर ओढला आणि कोऱ्या रकान्यात स्वतः लिहिलं, ‘पंचफुलाची माय’.

“आता नक्कल भेटन,” ते म्हणाले. “देऊ?”

“माह्याच नावाची नक्कल घिऊन मी काय करू? थे मले पाठ हाये.” ती वळली. दारापर्यंत गेली. तिथं उभी राहिली, उंबऱ्याकडे पाहत. मग परत येऊन स्टुलावर बसली, कोणी बस न म्हणता. “द्या. लिवा.”

किसनरावनी चांगला कागद घेतला. नक्कल करायचं काम कारकुनाचं, पण ते स्वतः लिहू लागले, ठळक, सुटं अक्षर. रकान्यात मजकूर संपला की उरलेल्या कोऱ्या जागेतून ते शेवटपर्यंत एक आडवी रेघ ओढत. गावाच्या रकान्यात ओढली. तारखेच्या रकान्यात ओढली.

“हे रेघ कायले?” पंचफुलाबाईनं विचारलं.

“मागून कोनी काई जोडू नाई म्हनून. जागा कोरी सोडाची नसते.”

त्यांनी ‘पंचफुलाची माय’ लिहिलं आणि रेघेसाठी टाक दौतीत बुडवला. तिनं टेबलावर हात ठेवला.

“थे एक ओढू नका.”

“नियम हाये, बाई.”

“जोडनारी मीच हाये न. मी पातूरले जाईन. तिथं कोनी बुढी जिती असन, तिच्यासंग खेळली असन, पान्याले गेली असन. तिथं नाई भेटलं तं दुसऱ्या गावाले जाईन. कोनी तं तिले हाक मारली असन एकडाव! अन् सापडलं तं लिवाले जागा नको काय?”

किसनराव टाक धरून बसले. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला, फुगला. तो कागदावर पडायच्या आत त्यांनी टाक दौतीच्या काठावर झटकला आणि वयाच्या रकान्यावर गेले. तिथं रेघ ओढली. तापाच्या पुढं ओढली. बुधाजी कोतवालाच्या पुढंही ओढली. मग शिक्का मारला, सही केली आणि कागद वाळायला वाऱ्यावर धरला.

“सहदेव,” ते नजर वर न करता म्हणाले, “बाळापूरचा बस्ता आत ने. मधातल्या मांडनीवर, खाली नको ठेवू. तिथं वाळवी चढते.”

बसस्टँडवर बाळापूरच्या गाडीला वेळ होता. पंचफुलाबाईनं नक्कल मांडीवर पसरली आणि सहदेवला म्हणाली, माहं नाव कोठी संपते थे दाखव. त्यानं दाखवलं. ‘माय’ कोठी संपते? तेही दाखवलं. तिथून रकान्याच्या कडेपर्यंत तिनं करंगळी आडवी ठेवून पाहिली.

“तीन अक्षराचं असन तं मावन,” ती म्हणाली. “चाराचं असन तं जरा दाटून लिवजो.”